उलट्या पायाची उडी

“ती पट्टी काढा,” डॉक्टर शिरगावकर म्हणाले.

मोरेश्वरने गुडघ्यावरची काळी पट्टी खाली सरकवली. दीड वर्षात ती पट्टी त्याच्या पायावरून निघालेली मी पाहिली नव्हती. आतली कातडी पांढुरकी पडली होती आणि ऑपरेशनचा व्रण वाटीच्या कडेने खाली उतरला होता. डॉक्टर जमिनीवर बसले आणि त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी वाटी दाबली.

“दुखतं?”

“नाही जी.”

“आणि इथे?”

“नाही.”

“खरं सांगायचं.”

“खरंच सांगून राहिलो, डॉक्टरसाहेब. जराशा गुदगुल्या होऊन राहिल्या, बस.”

डॉक्टर हसले नाहीत. ते पुण्याहून पहाटेच्या विमानाने आले होते आणि दुपारी त्यांना परत जायचं होतं. हॉलमध्ये आम्ही चौघंच होतो. डॉक्टर, लीगचे अधिकारी सबनीस, मोरेश्वर आणि मी. एप्रिलातलं नागपूर, आणि दोन्ही कुलर बंद, कारण ते लावले की सबनिसांचे कागद उडायचे. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, पण त्याचा सगळा दोष उन्हाळ्याला देता येणार नाही.

मी तेव्हा ‘नागपूर नगारे’ या बास्केटबॉल संघाची मॅनेजर होते. कोणाशी किती वर्षांचा करार करायचा, कोणाला ठेवायचं, कोणाला नारळ द्यायचा, ही कामं माझ्याकडे. लीगचा एक नियम होता. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून एका ठरावीक रकमेच्या वर जाता कामा नये, मालक कितीही गब्बर असो. तिघांच्या बाकावर चौथा बसवायचा तर कुणाला तरी उठवावंच लागतं, तसला प्रकार. तीन वर्षं मी या बाकाचाच विचार करत होते. कोल्हापूरचा संग्राम मगदूम, सहा फूट दहा इंच उंच, लीगमधला सगळ्यात महागडा पोरगा, त्याचा पुण्याच्या संघाशी असलेला करार या उन्हाळ्यात संपणार होता. तो आला की आपण जिंकणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. म्हणून मी सगळ्यांचे करार आखूड ठेवले होते, याच उन्हाळ्यात संपतील असे. पोरांच्या शिव्या खाल्ल्या, पण ठेवले.

फक्त एक करार लांब होता. कप्तान मोरेश्वर परातेचा. तो मीच केला होता, मोठ्या हौसेने, त्याचा गुडघा जायच्या आधी. त्याची अजून दोन वर्षं बाकी होती. आणि मोरेश्वरचा पगार धरला तर संग्राम त्या बाकावर मावत नव्हता.

आदल्या दिवशी संघाचे मालक अरुणभाऊ गुल्हाने यांनी मला त्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बोलावलं होतं. एप्रिलमध्ये स्वेटर घालून बसणारा नागपुरातला हा एकच माणूस असावा.

“ताई, संग्रामच्या वडलांचा फोन होता. उद्या संध्याकाळपर्यंत हो का नाही ते सांगा म्हणते. नाहीतर मुंबईवाल्यांचा कागद तयारच आहे.”

“आपल्याकडे जागा नाही, अरुणभाऊ.”

“मोरेश्वर उठला तर होते ना.”

“करार मोडता येत नाही.”

“मोडा म्हणून राहिलो का मी? उद्या लीगचा डॉक्टर येऊन राहिला. तो म्हणाला, हा आता खेळू शकत नाही, तर दोन वर्षांचा पगार विमावाले देते. पोराचा एक पैसा बुडत नाही. अन् आपली जागा मोकळी.”

“आणि तो या लीगमध्ये पुन्हा कधी उतरू शकत नाही. जन्मात नाही.”

“गुडघा गेलाच आहे त्याचा. तुम्हाले दिसत नाही का?”

मागच्या मोसमात मोरेश्वर शेवटचे काही सामने खेळला होता. बरा खेळला होता, पण लांबूनच, उडी न घेता; तो पूर्वीचा मोरेश्वर नव्हता.

“हे पाहा ताई,” अरुणभाऊंनी आवाज खाली आणला. “तीन वर्षं झाले. आपण चौथ्याच्या वर गेलो नाही. या वर्षी संग्राम नाही आला तर मी टीम विकतो. गिऱ्हाईक तयार आहे. मग नागपूर कुठलं अन् नगारे कुठले. तुमच्या बारा पोरांनी जावं घरी.”

“मग मी काय करू म्हणता?”

“काहीच करू नका. खोटं बोला असं मी म्हणत नाही. जे खरं आहे ते डॉक्टरले दिसू द्या. बस, एवढंच.”

सकाळी मी हॉलवर पोचले तर मोरेश्वर माझ्या आधी येऊन पायऱ्यांवर बसला होता. दाढी गुळगुळीत, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. पाहणीला निघालेल्या नवरदेवासारखा दिसत होता आणि मी त्याला तसं म्हटलंही.

“मग? पास व्हायचं आहे ना मले,” तो म्हणाला. “ताई, काल संग्रामसंग बोललो. अर्धा घंटा. पोरगा येते म्हणते.”

“तू त्याला काय सांगतोस फोनवर?”

“सांगतो का नागपूरले ये, मी आहो. मी बाहेरून पास टाकतो, तू वर उचलून घाल. बाकी काही करू नको.” तो हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. “एक सीझन, ताई. त्याच्यासंग एकच सीझन द्या मले. मग मी आपल्या पायानं घरी जातो.”

‘मी आहो’ हीच तर नेमकी अडचण होती, आणि ते त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं हे मला सुचेना. तेवढ्यात डॉक्टरांची गाडी फाटकातून आत आली.

तपासणी लांबली. डॉक्टरांनी त्याचा पाय वाकवला, ताणला, पिरगाळला. त्याला खाली बसवलं, उठवलं. उजव्या पायावर उभं राहून जागच्या जागी लहान उड्या मारायला लावल्या. मोरेश्वरने सगळं केलं. त्याच्या कपाळावरची शीर फुगलेली मला दिसत होती, पण तोंडातून आवाज निघाला नाही. डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

“झीज आहे,” ते म्हणाले. “पण अशी झीज घेऊन खेळणारे मी पाहिले आहेत. न खेळणारेही पाहिले आहेत. एकदा धावताना बघू. चेंडू घ्या, पळत या आणि बास्केट करा. मी थांब म्हणेपर्यंत.”

मोरेश्वरने चेंडू घेतला. मी भिंतीला टेकून उभी होते, ती सरळ झाले.

तो धावत आला, डावा पाय रोवला, उजवा गुडघा वर घेतला आणि चेंडू बोर्डावर ठेवून अलगद उतरला. चेंडू आत. पुन्हा गेला, पुन्हा आला. डावा पाय, उजवा गुडघा, चेंडू आत. पुस्तकात चित्र काढावं इतकं देखणं. डॉक्टरांनी मान हलवली. सबनिसांनी पेनाचं टोपण काढलं.

मी मात्र त्याच्या डाव्या पायाकडे बघत राहिले.

त्याचं कारण सांगायला मला मागे जावं लागेल. मोरेश्वर दहा वर्षांचा असताना माझ्याकडे आला. इतवारीतल्या एका शाळेच्या मैदानावर मी पोरांना शिकवायचे. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्याने डाव्या पायावरून उडी घ्यायची, हा आमच्या खेळातला पहिला धडा. मी मातीत डावी-उजवी चप्पल मांडून तो शिकवायचे. सगळी पोरं आठवड्याभरात शिकायची. मोरेश्वर शिकला नाही. हा उजव्या हाताने टाकायचा आणि उजव्याच पायावरून उडायचा, सगळ्या जगाच्या उलटा. दोन वर्षं मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. “त्या पायावर मारू नको रे!” हे वाक्य मी माझ्या आयुष्यात जितक्या वेळा बोलले असेन तितकं दुसरं कोणतंच नाही. एकदा तर मे महिन्यात त्याच्या उजव्या पायातली चप्पलच काढून घेतली. तापलेल्या मैदानावर अनवाणी पाय रोवून उडी मारतो कसा ते बघते, म्हटलं. त्याने मारली. पाय पोळला तरी त्याच पायावर मारली.

मग मी नाद सोडला. पुढे त्या उलट्या पायानेच त्याला मोठं केलं. समोरचा खेळाडू डाव्या पायाची वाट बघत राहायचा आणि हा एक पाऊल आधीच हवेत गेलेला असायचा. त्याच्याइतकी विचित्र आणि त्याच्याइतकी खात्रीची उडी मी दुसरी पाहिली नाही.

आणि आज तो डाव्या पायावरून उड्या मारत होता. मी दोन वर्षं ओरडून जे त्याला शिकवू शकले नव्हते, ते तो माझ्यासमोर बिनचूक करत होता. म्हणजे उजव्या पायावर भार टाकायची त्याला भीती होती. सामन्यात, अंगावर माणूस आल्यावर, त्याचं शरीर जुन्या सवयीने उजव्याच पायावर जाणार, आणि तिथे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको होता. डॉक्टर गुडघ्यांचे डॉक्टर होते. मोरेश्वर परातेची उडी कोणती हे त्यांना कुठून ठाऊक असणार? सबनीस नुसते कागद बघणारे. आमचा कोच केरळचा, तो सुट्टीवर. त्या हॉलमध्ये ते फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि मला.

“थांबा,” डॉक्टर म्हणाले. “उत्तम.” मग त्यांनी सबनिसांकडून कागद घेतला. “शेवटचा प्रश्न नियमाप्रमाणे दोघांनाही विचारतो. खेळाडूला काही सांगायचं आहे?”

“नाही जी,” मोरेश्वर धापा टाकत म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

“संघाला?”

एकीकडे संग्राम, संघ, बारा पोरांची पोटं. दुसरीकडे समोर उभा असलेला हा, माझ्या हाताखाली वाढलेला, एक मोसम मागणारा. आणि मध्ये तो गुडघा, ज्याचं एकदा पुन्हा मोडणं म्हणजे जन्माची काठी. मी कोणाच्या बाजूने बोलणार होते हे मलाच कळत नव्हतं. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला.

“डॉक्टर, त्याला उजव्या पायावर उडी मारायला सांगा. तो उजव्या पायाचा खेळाडू आहे.”

सबनिसांचं पेन थांबलं. मोरेश्वरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तो चिडला असता, ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नुसता बघत राहिला, मी एखादं गणित सांगितलंय आणि तो ते मनात सोडवतोय असा.

“उजव्या?” डॉक्टरांनी विचारलं. “सगळे तर डाव्या पायावरून—”

“हा नाही.”

“ताई,” मोरेश्वर हळूच म्हणाला, “मारू?”

“मार,” मी म्हटलं.

त्याने चेंडू दोनदा आपटला. धावत आला, उजवा पाय रोवला आणि वर गेला. काय सांगू, तीच उडी होती. दीड वर्षांनी मी ती पाहत होते, आणि त्या क्षणी माझ्या मनात फक्त कौतुक होतं. चेंडू नेटमधून खाली आला, त्याच्या मागोमाग मोरेश्वर खाली आला, आणि मग त्याचा पाय दुमडला. तो कुशीवर कोसळला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून तसाच पडून राहिला. दीड वर्षापूर्वी सामन्यात तो पडला तेव्हा गुडघ्याचा कट्ट आवाज मला बाकावर ऐकू आला होता. या वेळी नुसतं त्याचं अंग लाकडी जमिनीवर धप्प आपटलं.

डॉक्टर धावले. मी जागची हलले नाही.

“ताई, बर्फ आणा,” मोरेश्वर डोळे मिटून म्हणाला. त्या दिवशी तो माझ्याशी एवढंच बोलला.

स्कॅनमध्ये झीज होतीच, आता कुणाला शंका उरली नाही. डॉक्टरांनी ‘खेळू शकत नाही’ असं लिहून सही केली. मी बाहेर येऊन अरुणभाऊंना फोन लावला आणि संग्रामच्या वडलांना हो कळवा म्हणाले.

“वा ताई! कसं जमवलं?”

मी फोन ठेवला, बायकांच्या खोलीत गेले, आतून कडी लावली आणि हमसाहमशी रडले.

संग्राम आला. पहिल्या वर्षी आम्ही अंतिम सामना हरलो, दुसऱ्या वर्षी जिंकलो. संघ नागपुरातच राहिला. मोरेश्वरला त्याचे पैसे वेळेवर मिळाले आणि त्याने इतवारीतलं माझं जुनं मैदान चालवायला घेतलं. आमच्या प्रत्येक सामन्याला तो यायचा, नगारेवाल्यांच्या शेजारी बसायचा आणि पंचांना मनसोक्त शिव्या द्यायचा. दिवाळीला घरी फराळाला यायचा. त्या सकाळचा विषय त्याने कधी काढला नाही, मीही नाही. तो जिना चढून धडधडत वर आला की मी त्याच्या पायाकडे पाहायचे आणि स्वतःला बजावायचे, हा पाय मी वाचवला. अजून दोन वर्षं खेळला असता तर आज लंगडत असता. नऊ वर्षं हे वाक्य माझ्या चांगलं उपयोगी पडलं.

मग संग्राम निवृत्त झाला. त्याच हॉलमध्ये त्याचा शेवटचा सामना, नंतर हार, शाल, भाषणं. संग्राम मुलखाचा मितभाषी, पण त्या संध्याकाळी बोलला.

“मी नागपूरला आलो ते एका फोनमुळं,” तो म्हणाला. “मुंबईच्या कागदावर सही करायला मी पेन हातात घेतलं होतं. तोवर मोरूदादांचा फोन आला. म्हणाले, सही करू नकोस, इकडं ये. जागा झालीय.”

टाळ्या पडल्या. मी मोरेश्वरला शोधलं. तो मागे उभा राहून शिट्टी वाजवत होता.

गर्दी पांगली, नगारे टेम्पोत चढले, तरी आम्ही दोघं बाकावर बसून होतो. त्याच्या हातात चेंडू होता. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण चेंडू दिसला की हात शिवशिवायचेच त्याचे.

“तपासणीच्या दिवशी तू त्याला फोन केला होतास?” मी विचारलं.

“हव.”

“बर्फ लावून पडला होतास ना रे तू?”

“बर्फ गुडघ्याले होता, ताई. फोन हातानं करतेत.”

मला हसू आलं नाही. “मोरू, त्या दिवशी मी बोलले ते तुझा पाय वाचावा म्हणून. निदान मला तसं वाटतं.”

त्याने चेंडू बोटावर फिरवला.

“पाय टिकत होता, ताई.”

“काय?”

“दुखे. पण टिके. हॉलच्या चौकीदाराकडून चाबी घेऊन मी रोज सकाळी उजव्यावरच मारत होतो. डॉक्टरसमोर डाव्यावर मारल्या, कारण धोका नको होता. उगाच एखादवेळी दगा दिला तर.” त्याने चेंडू हातात घट्ट धरला. “त्या दिवशीही टिकला. मी चांगला उतरलो. मग पडलो.”

माझ्या कानात त्या दिवशीचा तो धप्प आवाज पुन्हा वाजला. नुसत्या अंगाचा.

“काहून पडला मग?” मी त्याच्याच बोलीत विचारलं.

“मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून तुम्ही मले एकच गोष्ट सांगत आल्या. त्या पायावर मारू नको. चप्पल काढून घेतली माझी. किती बोंबलत होत्या तुम्ही, बाप्पा! अन् त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, मार.” त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो ऐकवत नव्हता. “मी समजलो. ताईच म्हणून राहिली म्हणजे मी अन् संग्राम, दोघं पगारात बसत नाही. मग उठलो मी.”

“खोटं बोलतोस तू,” मी म्हटलं. “आता मोठेपणा मिरवायला.”

“खोटं?”

तो उठला. चेंडू त्याने दोनदा आपटला, तसाच, त्या दिवशीसारखा. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज वरच्या पत्र्यापर्यंत गेला. त्याने रिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दाखवू?”

त्याचा उजवा पाय पुढे आला होता. मी त्या पायाकडे पाहिलं, पट्टी नसलेल्या, पांढरा व्रण मिरवणाऱ्या त्या गुडघ्याकडे पाहिलं. ‘हा पाय मी वाचवला’, नऊ वर्षं सांभाळलेलं ते माझं एकच वाक्य होतं.

“नको,” मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि चेंडू माझ्या हातात आणून दिला.